दिवस गेल्याची बातमी

मराठीत 'दिवस' ही एकंदरीत जाणारी वस्तू आहे. उमेदीचे दिवस गेले, सुखाचे गेले, बरे दिवस तर कधी गेले ते कळलेसुद्धा नाही, असे सांगणारी माणसे प्रत्येक आळीत आणि प्रत्येक बँकेत सापडतात. पण हेच दिवस घरातल्या सुनेला 'गेले' की सगळ्यांना आनंद होतो. मी बी.कॉम. आहे. येईल ते जमा आणि जाईल ते नावे, एवढे शिक्षण माझ्या अंगात मुरलेले आहे. इथे मात्र गेलेली रक्कम जमेच्या बाजूला मांडतात आणि तरीही ताळेबंद बरोब्बर जुळतो!

याचे कारण असे की ही बातमी सरळ सांगायची नाही, असे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलेले आहे. 'गरोदर' हा शब्द डॉक्टरांनी आणि सरकारी पत्रकांनी वापरायचा. घरात म्हणायचे 'पाय जड झालेत', 'दोन जिवांची आहे', 'राहिलंय', किंवा नुसतेच 'तिसरा लागला'. काय तिसरा, कुणाला लागला, कशाला लागला, हे विचारणारा माणूस एक तर परप्रांतीय असतो किंवा स्वतः नवरा असतो.

नवऱ्याचे हे अज्ञान फार जुने, अगदी राजघराण्यातले आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गर्भवती होते. राजा चक्रवर्ती, इंद्राच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेचा. पण राणीला काय खावेसे वाटते ते राणी लाजून सांगत नाही, म्हणून हा गृहस्थ तिच्या मैत्रिणींकडे चौकशा करीत हिंडतो. राणी गुपचूप माती खात होती हे त्याला तिच्या तोंडाच्या वासावरून समजते. चक्रवर्ती राजाची ही स्थिती, तर कचेरीत कारकुनी करणाऱ्याला कोण विचारतो?

आमच्या आजीचे लग्न १९५० च्या सुमारास झाले, साताऱ्यातल्या एका वाड्यात. वाड्यात सात बिऱ्हाडे, एक विहीर आणि अगणित कान. तिथे बातमी फुटायची पद्धत फार शास्त्रशुद्ध होती. त्या काळी बायकांना महिन्यातून एकदा 'कावळा शिवायचा'. कावळा शिवला की तीन दिवस बाजूला बसायचे, कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचे. आम्हां पोरांना तो कावळा फार दिवस खराच वाटत असे. तर मुद्दा असा, की वाड्यातली कुठली सून कधी बाजूला बसली हे साऱ्या वाड्याला दिसायचे आणि दिसले ते साऱ्या वाड्याच्या ध्यानात राहायचे. आता बँकेतल्या माणसाला पुढचे सांगायला नको. दर महिन्याला ठरल्या तारखेला पडणारी नोंद एखाद्या महिन्यात पडली नाही, की तपासनीस कान टवकारतो. सासूबाई म्हणजे तपासनीसच. त्या बोटांवर मोजायच्या, समोरच्या काकूंकडे बघायच्या, काकू विहिरीकडे बघायच्या आणि संध्याकाळपर्यंत सात बिऱ्हाडांची टोटल लागलेली असायची. काहीही न घडल्यामुळे पसरणारी एवढी एकच बातमी असेल.

मी एकदा आजीला विचारले, "आजी, तू ही बातमी घरात कशी सांगितलीस गं?"

आजी म्हणाली, "मी कुठली सांगत्येय? सासूबाईंनीच मला सांगितलं."

यात विनोद आहे हे तिच्या गावीही नव्हते. तिचे वय सतरा, आईने काही सांगितलेले नाही, आपल्याला मळमळते आहे ते शिळ्या भाकरीमुळे अशी तिची समजूत. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून घागर उचलू नकोस." एवढीच काय ती घोषणा! आजोबांना तर तेवढीसुद्धा मिळाली नाही. त्यांना त्यांच्या आईने फर्मावले, "कचेरीतून येताना कवठं आण. आणि चिंच मिळाली तर बघ." आजोबा 'कशाला?' म्हणून विचारणार, तेवढ्यात त्यांना आईचा चेहरा दिसला आणि ते पिशवी घेऊन मुकाट्याने बाहेर पडले. बाजारहाटाच्या यादीतून बाप झाल्याचे कळणारी ती पिढी.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी. कुठे कुठे चोरचोळी म्हणतात. नावावरून हा काही तरी रात्री कंदील विझवून करायचा प्रकार वाटेल, पण भरदुपारी पाच सवाष्णी जरीची लुगडी नेसून रस्त्याने येतात, खण-नारळ-तांदळाने ओटी भरतात आणि 'कुणाला सांगू नका हं' असे एकमेकींना बजावून जातात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आले की मग लपवाछपवी संपली. हिरवे लुगडे, हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा. हौशी घरात नावेतले डोहाळजेवण, चांदण्यातले डोहाळजेवण. पोट एवढे दिसत असताना बातमी जाहीर करायची, यात धोका काहीच नव्हता.

धोका होता तो आधीच्या तीन महिन्यांत, आणि सगळी चोरी त्याच्यासाठीच होती. दृष्ट लागते म्हणत, पण बायकांना दृष्टीपेक्षा अनुभव जास्त ठाऊक होता. राहिलेले सगळेच टिकत नसे आणि जन्मलेले सगळेच जगत नसे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले. वेळेवर औषधपाणी मिळते तर ते वाचते, ह्या एका खंतीवर ती मुलगी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. सगळ्यांना आनंदीबाई होता येत नव्हते. आमच्या आजीला घागर उचलायची बंदी झाली ती दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेचे तिने मला खूप नंतर सांगितले. अडीच महिने झाले होते. बाहेर कुणाला सांगितलेले नव्हते, त्यामुळे गेल्याचेही कुणाला सांगायचे कारण नव्हते. ती चार दिवस बाजूला बसली. वाड्यात सगळे म्हणाले, कावळा शिवला.

आता तुम्ही म्हणाल, विनोदी लेख म्हणून वाचायला घेतला आणि हे काय? पण ह्या बातमीत नेहमीच काही तरी पणाला लागलेले असते. कधी कधी अख्खे राज्य लागते.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. म्हणजे आमच्या भाषेत, खातेदार गेला आणि काकांनी खाते आपल्या नावावर करून घेतले. काम चोख. पण थोड्याच दिवसांत कारभाऱ्यांत कुजबूज सुरू झाली की नारायणरावांच्या पत्नीला, गंगाबाईंना, दिवस गेलेले आहेत. झाले! वारस आहे, फक्त अजून जन्माला यायचा आहे. असल्या प्रकरणात बँकेने काय करावे, ते कुठल्याच परिपत्रकात दिलेले नाही. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी मंडळींनी मात्र बरोबर ठरवले. रघुनाथराव मोहिमेवर पुण्याबाहेर होते, ती संधी साधून १७७४ च्या जानेवारीत त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेले. बरोबर पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. आणि गंगाबाईंच्या नावाने कारभार सुरू झाला. हेच ते बारभाईंचे कारस्थान. शाळेत आपण ते तारखांसकट पाठ केले, पण त्याच्या मुळाशी एक साधी घरगुती बातमी होती, हे काही गुरुजींनी सांगितले नाही. सांगणार तरी कसे? वर्गात मुली होत्या!

विचार करा, एरवी तिसऱ्या महिन्यापर्यंत चोरून ठेवायची बातमी इथे मुद्दाम फोडायची होती. नाशिकपासून श्रीरंगपट्टणपर्यंत, मित्रांना कळायला हवी, शत्रूंना कळायला हवी. एका बाईचे डोहाळे हा राजकारणाचा विषय झाला. मुलगी झाली तर काय, ही चिंता इतकी मोठी की गडावर आणखीही गरोदर बायका नेऊन ठेवल्या आहेत, वेळ पडल्यास अदलाबदल करतील, अशी वदंता उठली. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. सवाई माधवराव! रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेला तह झाला, त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटले ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. बातमीचे पडसाद इतकी वर्षे. ह्या सगळ्या गदारोळात नवरा गमावून आठ महिने न झालेली ती मुलगी गडावर काय बोलत असेल, तिला कवठ खावेसे वाटले तर कुणी आणून दिले असेल का, याबद्दल माझ्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

सामान्य माणसांच्या बातमीला घोडेस्वार मिळत नाहीत. त्यांच्यासाठी १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. माहेरी कळवायची सोय झाली, पण कार्ड पडले उघडे. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, ज्याच्या नावचे असेल तो सर्वांत शेवटी वाचणार. म्हणून मजकूर असा घालायचा: 'चि. सौ. सूनबाईंची प्रकृती बरी आहे. अन्नावर वासना नाही. घाबरण्याचे कारण नाही. तिच्या आईने मनात काय ते समजावे.' एवढ्यावर तिची आई सगळे समजायची आणि खारका-बदाम निवडायला बसायची. पुढे तारखात्याने ठरीव शुभेच्छांची यादी काढली, पण तीतही नव्या पाहुण्याचे अभिनंदन होते ते पाहुणा आल्यावरचे. येणार असल्याची तार करायची हिंमत कुणाला नव्हती. तार म्हटली की लोक फोडण्याआधी रडत! ती तारसुद्धा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

स्वतः बाईने, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने, ही बातमी सांगण्याची पाळी आणली ती प्रेमाने नव्हे, कायद्याने. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बातमी दडवावी लागे, कारण ती कळली तर रोजी जायची भीती. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये कायदा झाला. देशाचा कायदा १९६१ चा. त्यात नोटीस देण्याचे कलम होते: बाईने मालकाला लेखी कळवायचे की मी अमुक तारखेपासून येणार नाही. तेव्हा बारा आठवडे मिळत, २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांना सव्वीस मिळतात. आमच्या शाखेत रजेचे असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. सासूला लाजून न सांगितलेली गोष्ट मॅनेजरला तीन प्रतींत द्यावी लागते. आणि मॅनेजर, चार पोरांचा बाप झालेला, लाल त्रिकोणाच्या पोस्टरखाली बसून, खाली मान घालून सही करतो. हे माझ्या आधीच्या जमान्यातले हं. हल्लीचे मॅनेजर हसून पेढे मागतात.

सासूचे तपासनीसपद मात्र गेले ते एका डबीमुळे. १९६७ साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाची एक तरुणी एका औषध कंपनीत नमुने रेखाटण्याच्या कामावर होती. ना डॉक्टर, ना शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या नळ्या बघून तिला वाटले, हे तर बाईला घरी करता येईल. तिने पहिला नमुना बनवला तो टेबलावरच्या कागदी क्लिपांच्या प्लॅस्टिकच्या डबीतून! कचेरीतल्या डबीचा इतका मोठा उपयोग आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. आम्ही तिच्यात आजवर सुपारी ठेवत आलो. पेटंटचे हक्क तिने एका डॉलरला लिहून दिले आणि तो डॉलरही तिला मिळाला नाही. चाचणी १९७१ मध्ये कॅनडात विकायला आली, यथावकाश आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पोचली, आणि बातमी पहिल्यांदा जिची तिला आधी कळू लागली.

तेव्हापासून ती कशी सांगायची याच्या युक्त्या निघाल्या. केकवर लिहितात, चहाच्या कपाच्या तळाशी लिहितात, सोनोग्राफीचे चित्र पाकिटात घालून होणाऱ्या आजोबांच्या हातात देतात. आजोबा बिचारे ते उलटे धरून 'एक्स-रे कुणाचा?' म्हणतात. एकच गोष्ट सांगायची नाही, मुलगा की मुलगी. परदेशात त्यासाठी रंगीत फुगे फोडतात. आपल्याकडे तुरुंग आहे. १९८८ मध्ये असा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी केला, १९९४ मध्ये तसा कायदा संसदेने देशासाठी केला. करावा लागला, असे म्हणा. आपल्या जुन्या संस्काराचे नावच 'पुंसवन' आहे, म्हणजे मागणी आधीच नोंदवलेली. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा की बर्फी ते उघडायचा खेळ अजून चालतो. बर्फी निघाली की 'बर्फी पण छान असते' असे म्हणणारी एक तरी मावशी तिथे असतेच, आणि त्या 'पण'साठी तो कायदा आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने बातमी कळवली ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दोन मोठे बूट, दोन लेडीज चपला आणि मध्ये इवलेसे मोजे. खाली अक्षर एक नाही. आजी आता नव्वदीची. मी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "चपला कुणाच्या हरवल्यात?"

मी सांगितले. तिने लगेच बोटे मोडली. "कितवा?"

"दुसरा संपतोय म्हणे."

"मग इतक्यात कशाला गावभर सांगितलंय? लाव तिला फोन."

फोन लावला. आजीने तेच विचारले. तिकडून पुतणी म्हणाली, "अगं पणजी, काही बरं-वाईट झालं तर निदान तुम्हांला माहीत तरी असेल ना? मग मला एकटीला नाही रडत बसावं लागणार."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, फोन कट झाला. मग तिने विचारले, "तिकडे तुमच्या बंगलोरला कवठं मिळतात का गं?"