रस्सीखेच, लांडगे आणि आजीचा नियम

कुत्र्याच्या पिल्लाशी रस्सीखेच खेळायची नाही. खेळलातच तर त्याला जिंकू द्यायचं नाही, नाहीतर ते डोक्यावर बसतं. भिडू घरी आल्यापासून सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक कुत्रेवाल्याने मला हे ऐकवलंय. आता असा नियम दिसला की तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे खणायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खोड असते. (जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ असते, तिला हात लावायला सगळे घाबरतात आणि लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. तसंच.)

तर खणत गेलो की आधी लागतो कोनराड मोस्ट. जर्मनीतल्या सारब्रुकेनचा हा पोलीस अधिकारी १९०६ पासून पोलिसी कुत्री तयार करत होता, आणि १९१० साली त्याने कुत्रे शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. माणूस हुशार. बक्षीस किंवा शिक्षा अगदी कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे हे त्याला स्किनरच्या १९३८ च्या पुस्तकाआधी २८ वर्षं कळलं होतं. पण माणूस आणि कुत्रा यांच्यात वरचढ कोण हे अंगाच्या जोरावरच ठरतं आणि त्या झटापटीत माणूसच जिंकला पाहिजे, असंही त्याचं ठाम मत होतं. त्याच्यापुढे होती गुन्हेगाराची बाही धरणारी पोलिसी कुत्री. जर्मन हुकूम 'आउस' ऐकून ती न सोडणारा कुत्रा पोलिसांच्या काय कामाचा? आपल्यापुढे असतं दुधाचे दात पडायला आलेलं पिल्लू. हा फरक वाटेत कुठेतरी गळून पडला.

मग आले लांडगे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये लिहिलं की कळपात वरच्या जागेसाठी सतत चढाओढ चालते. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून 'अल्फा' हा शब्द सगळीकडे पोचला. झालं! लांडग्यांत असं, म्हणून कुत्र्यांत असं, म्हणून दोरी ओढताना मालकानेच जिंकायचं. आता गंमत बघा. पिंजऱ्यात कोंबलेल्या लांडग्यांवरून सगळ्या लांडग्यांचा स्वभाव ठरवणं म्हणजे लोकलच्या दारातली चेंगराचेंगरी बघून मुंबईकरांचं घरगुती आयुष्य लिहिण्यासारखं आहे. मेकने पुढे कॅनडाच्या एल्समेअर बेटावर १९८६ पासून अनेक उन्हाळे रानातले लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. आपणच पसरवलेला शब्द मागे घेणारा माणूस मला आवडतो. शब्द मात्र मागे यायला तयार नाही.

रस्सीखेचीची थेट परीक्षाही झाली आहे. इंग्लंडमधल्या निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर घेतले, त्यांना कधी मुद्दाम जिंकू दिलं, कधी हरवलं, आणि निकाल २००२ मध्ये छापला. जिंकून कोणी डोक्यावर बसलं नाही. उलट खेळानंतर, जिंको वा हरो, कुत्री माणसाकडे जास्त लक्ष देत होती. (१४ हा आकडा लहान आहे, मान्य. पण उलट बाजूला पिंजऱ्यातल्या लांडग्यांशिवाय काय आहे?)

मग सोडायला शिकवायचं कसं? उत्तर कुत्र्यांशी संबंध नसलेल्या माणसाकडे सापडतं. डेव्हिड प्रेमॅकने १९५९ मध्ये लहान मुलांवरचा एक प्रयोग मांडला. पिनबॉल आवडणाऱ्या मुलाला खेळता यावं म्हणून ते आधी गोळी खातं, आणि गोळी आवडणारं गोळीसाठी आधी पिनबॉल खेळतं. जास्त आवडीचं काम हेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस. आधी भाजी संपव, मग श्रीखंड. आपल्या आज्या हे कोणताही प्रबंध न लिहिता चालवत होत्या.

पिल्लाला काय हवंय? दोरी नव्हे, ओढाओढ. म्हणून 'सोड' म्हणायचं आणि दोरी गुडघ्याला चिकटवून निश्चल धरायची. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. दोरी मेली की मजा संपते. (दोघेही ओढत राहिले तर तो शुद्ध डेडलॉक.) नाहीच सुटली तर नाकाशी पनीरचा तुकडा. जबडा सुटला त्या क्षणी 'घे' म्हणून खेळ पुन्हा सुरू. दहादा सोडायला लावून नऊदा परत द्यायचं. दरवेळी काढूनच घेतलं तर 'सोड' म्हणजे 'खेळ संपला' असा अर्थ पिल्लू पक्का करतं आणि दोरी घेऊन सोफ्याखाली जातं.

बाबांचा उपाय जबड्यात बोटं घालण्याचा. त्याची भीती मला घरापेक्षा रस्त्यावर जास्त वाटते. सकाळी फुटपाथवर कोंबडीची हाडं असतात, कधी उंदराचं औषध. तोंडातलं हिसकावलं जातं हे शिकलेलं कुत्रं अशा वेळी दोनच गोष्टी करतं. चावतं, नाहीतर घाईने गिळतं. आणि चावलं तर त्याची पुढची सोय सोसायटीची मीटिंग ठरवते.

भिडूचा आजचा हिशोब असा: दोरी लगेच, चेंडू बहुतेक वेळा, परवा रस्त्यावर उचललेलं हाड पनीरच्या दोन तुकड्यांवर. बाबांच्या मोज्याबाबत वाटाघाटी चालू आहेत.