गोडी टिकवायची कशी? चूल की बर्फ?

एप्रिल महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या फाटकाबाहेर दोन गोष्टी हमखास विकल्या जातात. बरणीतल्या रंगीत गोळ्या आणि पेटीतल्या बर्फाच्या कांड्या. शिक्षक दोन्हींना नावे ठेवतात आणि मुले दोन्ही आवडीने खातात. यांच्याऐवजी फळांचा गर गोठवून मुलांना द्यावा, अशी सूचना हल्ली वारंवार ऐकू येते. सूचना चांगलीच आहे. पण मग प्रश्न पडतो, की साखरेला पर्याय शोधण्याचा केवढा तरी प्रयोग याच वर्ध्यात झाला असताना तिथे हे कसे झाले नाही? उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ या.

सुरुवात ‘कँडी’ या शब्दापासूनच करता येईल. हा शब्द आपल्याकडूनच निघाला आहे. संस्कृत ‘खण्ड’, त्यावरून फारसीत ‘कंद’, अरबीत ‘कंदी’ आणि पुढे युरोपात ‘कँडी’. आपल्या खडीसाखरेचा आणि खांडसरीचा हा दूरचा भाऊबंद. उसाचा रस काही तासांतच आंबतो. तोच आटवून त्याचा खडा केला, की वर्षभर टिकतो. साखर इतकी दाट झाली, की जंतूंना वाढायला लागणारे मोकळे पाणीच उरत नाही. म्हणजे मिठाई ही मुळात चैनीची वस्तू असण्यापेक्षा गोडी साठवण्याची युक्ती आहे. मुरंबा, आंबापोळी, गुळाची ढेप ही सगळी त्याच घराण्यातली.

आता वर्ध्याकडे येऊ. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर दिले, त्याचे नाव मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, हातसडीचे तांदूळ, मधमाशापालन अशा अनेक उद्योगांवर तिथे काम झाले. त्यातला आपल्या विषयाचा भाग म्हणजे नीरा. वर्ध्याच्या आसपास शिंदीची झाडे भरपूर होती. त्यांचा उपयोग प्रामुख्याने दारूसाठी होई. त्याच रसाचा गूळ केला, तर दारूही सुटेल आणि उसाची जमीन धान्याला मोकळी होईल, असा हा विचार होता. गजानन नाईक यांनी या कामाला वाहून घेतले.

यातले रसायनशास्त्र पाहण्यासारखे आहे. ताज्या नीरेत साधारण दहा-बारा टक्के साखर असते. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट तिच्यावर लगेच काम सुरू करते. म्हणून मडके आतून चुन्याने सारवायचे, रात्रीच्या गारव्यात रस धरायचा, उजाडण्यापूर्वी उतरवायचा आणि लगेच कढईत ओतायचा. ऊन चढले, की नीरेची ताडी झालीच. ही सगळी धावपळ एकाच गोष्टीच्या अभावामुळे होती. मगनवाडीत चूल होती, थंडी नव्हती. पुढे शहरांत नीरा विक्री केंद्रे चालू शकली, ती रस थंड ठेवण्याची सोय झाली म्हणूनच.

१९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचा एक तक्ता आहे. गूळ किंवा साखर दीड औंस, म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम. फळांपुढे मात्र आकडा नाही. ती आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे खावीत, एवढेच म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या आहारात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. गंमत अशी, की या ‘वरच्या साखरे’त गाळलेला फळांचा रसही मोडतो, पण अख्खे फळ मोडत नाही. आमच्या मते आपल्या प्रश्नाची मेख इथेच आहे. गर गोठवायचा, रस नव्हे.

‘ऐपत’ हा शब्द तक्त्यात आला, तो खरेपणाचा आहे. फळ महाग पडते, कारण ते नासते. हंगामात मातीमोल आणि हंगामाबाहेर परवडत नाही.

जगात इतरत्र तोवर दुसरा रस्ता तयार होत होता. थंडी निर्माण करण्याची विद्या आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. ‘आइन-इ-अकबरी’मध्ये सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो आणि साच्याचे तोंड कणकेने बंद करतो, तोही याच विद्येचा वारस. पण बर्फ आणायचा कुठून? १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने चार महिने प्रवास करून कलकत्त्याला उतरला, यावरून त्याचे दुर्भिक्ष लक्षात यावे. १९२४ मध्ये फ्रँक एपर्सन या अमेरिकन गृहस्थाला काडीवरच्या गोठवलेल्या सरबताचे पेटंट मिळाले. १९३० साली क्लॅरेन्स बर्ड्सआय याच्या पद्धतीने झटपट गोठवलेली फळे आणि भाज्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात विक्रीला आल्या. मगनवाडीचे काम सुरू झाले ते त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. पण या दोन गावांमध्ये विजेच्या तारेचे अंतर होते.

वर्ध्यापुरता हा फरक आणखी महत्त्वाचा आहे, कारण इथली दोन मोठी फळे चुलीला दाद देत नाहीत. आष्टी, आर्वी, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला, की काही तासांत कडू होतो. फोडीच्या पडद्यात आणि बियांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण रसातल्या आम्लाशी गाठ पडली, की हळूहळू त्याचे लिमोनिन बनते आणि ते भलतेच कडू असते. उष्णता दिली, की हे काम वेगाने होते. सीताफळाचा गरही तापवला, की कडवटतो. म्हणून संत्र्याची बर्फी होते तीही भरपूर साखरेच्या आधाराने. थंडीत मात्र या क्रिया फार मंदावतात. आंबिया बहाराचे संत्रे हिवाळ्यापर्यंत संपते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि सीताफळ दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात मुलांना ही फळे द्यायची, तर गोठवण्यावाचून सोपा मार्ग नाही.

आता त्या काडीवरच्या बर्फाकडे पुन्हा पाहा. मूल कांडी चोखते, रंग आणि गोडी आधी निघून जाते आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. असे का? साखरेचे पाणी गोठताना आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात. साखर आणि रंग त्यांच्या फटींत दाट पाकाच्या रूपाने राहतात आणि चोखताच बाहेर येतात. फळाच्या गरात पेक्टिन आणि तंतू असतात. ते पाण्याला धरून ठेवतात, स्फटिक लहान राहतात आणि गोडी शेवटपर्यंत पुरते. केळे कुस्करून गोठवले, तर दुधाचा थेंब न घालता ते मलईसारखे लागते, हे एकदा करून पाहाच.

आणखी एक अडचण आहे. जीभ थंड झाली, की गोड कमी लागते. चव ओळखणाऱ्या पेशींतले एक प्रथिन थंडीत मंद काम करते, असे २००५ मध्ये दिसून आले. म्हणून कांडी बनवणारे साखर वाढवतात. वितळलेली कांडी पिऊन पाहिली, तर ती किती गोड असते ते कळते. आपण साखर न वाढवता फळ पूर्ण पिकू द्यावे. अर्धकच्चे फळ गोठवून मुलांना दिले, तर ती पुन्हा फाटकाकडे धावतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

शाळेत फ्रीज नसला तरी हा प्रयोग होतो. तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ एका बादलीत मिसळा. तापमान उणे १५ अंशांच्याही खाली जाऊ शकते, म्हणून हात घालू नका. झाकणाच्या दोन छोट्या स्टीलच्या डब्या घ्या, एकीत पाणी आणि दुसरीत गर. झाकणे घट्ट हवीत, कारण बाजारातला बर्फ खाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम २०१८ मध्ये झाला, तो याचसाठी. दर पाच मिनिटांनी दोन्ही डब्यांचे तापमान मुलांना लिहायला सांगा. पाणी शून्यावर थबकते. गर मात्र शून्याच्या खाली एक-दीड अंश उतरल्यावर गोठू लागतो आणि पुढेही हळूहळू उतरतच राहतो, कारण उरलेला पाक दाट होत जातो. आलेख काढला, की हा फरक डोळ्यांना दिसतो आणि तास संपेपर्यंत डबीतले खायलाही मिळते.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. तेव्हा हात, चमचे आणि फळ स्वच्छ धुतलेले हवे. संत्र्याच्या फोडींचे पडदे सोलून काढावेत, बिया फुटू देऊ नयेत, नाहीतर थंडीतही थोडा कडवटपणा उतरतोच. सीताफळाच्या बाबतीत अधिक जपायला हवे. त्याचा गर मिक्सरमध्ये न घालता चाळणीवर हातानेच काढावा, कारण त्याच्या बियांचा गाभा विषारी असतो आणि त्याची पूड डोळ्यांत गेली, तर गंभीर इजा होते.