आरोपीचा वकील : इतिहासातील एक धडा

वाचकहो, बुलढाणा, खामगाव, मलकापूर किंवा मेहकर, कोणत्याही कोर्टाच्या आवारात सकाळी जाऊन पाहा. हातात कागद धरून बसलेला एखादा बाप हमखास दिसेल. मुलाला पोलिसांनी नेलेले असते आणि बापाच्या तोंडी एकच शब्द असतो : जामीन. गावाने मात्र तोवर मुलाला गुन्हेगार ठरवूनही टाकलेले असते. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे आपण फार लवकर विसरतो. ते कोर्टाला आणि समाजाला विसरू न देणे हेच आरोपीच्या वकिलाचे काम होय. त्याचा एक जुना दाखला आपल्या मुलांना ठाऊक असावा.

१८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आधीचे जामिनाचे अर्ज नामंजूर झाले होते. ४ ऑगस्टला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी मुंबई हायकोर्टात पुन्हा अर्ज केला. समोर होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर, आणि १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेतील एक प्रमुख. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील काय, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होता. पुढे तो निर्दोष ठरला, तर भोगलेली कैद त्याला कोण परत देणार? त्यांनी जामीन मंजूर केला.

टिळकांना पुढे १८ महिन्यांची शिक्षा झाली, हे खरे. परंतु जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हेच. बचावाची तयारी करण्यास मिळालेली ती सवड असते.

१९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. न्यायासनावर होते तेच दावर! त्यांनी अर्ज फेटाळला आणि पुढे ६ वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्या वऱ्हाडातील अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेपर्यंत गेले, पण यश आले नाही. मात्र १९१६ साली टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला, तेव्हा जिनांनीच हायकोर्टात बाजू मांडली आणि तो हुकूम रद्द करून घेतला. एका अर्जावर हरला म्हणून चांगला वकील अशील सोडत नाही, हे यातून शिकावे.

तुम्ही म्हणाल, हे थोरामोठ्यांचे झाले. गरिबाने काय करावे? त्याचेही उत्तर आज कायद्यात आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. वकिलासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हा. पण तुमच्यातील काहींनी काळा कोटही अंगावर घालावा. कोर्टाच्या आवारातला तो बाप तुमचीच वाट पाहत आहे.