तेहरानचा आर्मेनियन कोतवाल

इ. स. १९०९ च्या जुलै महिन्यांत ज्या हातांनीं इराणच्या मजलिसीची वाट मोकळी केली, त्याच हातांनीं १९११ च्या डिसेंबरांत तिचीं दारें लाविलीं. हे हात येप्रेम खान नांवाच्या आर्मेनियन पुढाऱ्याचे. तो जन्मानें इराणी नव्हता, धर्मानें मुसलमान नव्हता. तरी इराणी राज्यघटनेच्या लढ्याचा इतिहास त्याच्यावांचून सांगतां येत नाहीं.

येप्रेमचा जन्म १८६८ सालीं रशियाच्या ताब्यांतील कॉकेशस प्रांतांत, बारसूम खेड्यांत झाला. तुर्की अमलाखालील आर्मेनियनांना सोडविण्यासाठीं १८९० सालीं गुगुनियान नांवाच्या तरुणानें सव्वाशेंच्या सुमारास माणसें जमवून सरहद्दीकडे कूच केलें. त्यांत येप्रेम होता. मोहीम फसली, रशियन कोझॅकांनीं त्यांना धरलें, आणि येप्रेमची रवानगी सखालीन बेटावर झाली. सखालीन म्हणजे रशियाचें काळें पाणी. तेथून तो निसटला, इराणांत आला, आणि पुढें रेश्त शहराकडे त्यानें विटांची भट्टी घातली. लोकांच्या दृष्टीनें तो वीटवाला. दश्नाक या आर्मेनियन क्रांतिपक्षाचें काम आंतून चालूच होतें.

इराणांत १९०६ सालीं राज्यघटना मिळाली. पुढच्याच वर्षीं इंग्लंड व रशिया यांनीं आपसांत करार करून त्या देशावर आपापलीं वर्चस्वाचीं क्षेत्रें आंखून घेतलीं. नवा शहा महंमद अली यानें २३ जून १९०८ रोजीं रशियन कर्नल ल्याखॉव याच्या कोझॅक पलटणीकरवीं मजलिसीवर तोफा डागविल्या. तब्रीझ तेवढें सत्तार खानाच्या हिंमतीवर झुंजत राहिलें. अशा वेळीं, ८ फेब्रुवारी १९०९ रोजीं, रेश्त येथें उठाव होऊन सुभेदार मारला गेला. उठावाला नांव सिपहदार या बड्या जमीनदाराचें मिळालें. पण लढाईचा भार येप्रेम आणि त्याचे आर्मेनियन, जॉर्जियन व इराणी सोबती यांनीं उचलला. मे महिन्यांत त्यांनीं कझवीन घेतलें. दक्षिणेकडून बख्तियारी टोळ्या आल्या, आणि १३ जुलैला दोन्ही फौजा तेहरानांत शिरल्या. तीन दिवसांनीं शहानें रशियन वकिलातीचा आसरा घेतला.

येप्रेम राजधानीचा कोतवाल झाला. येथून त्याच्या चरित्रास निराळें वळण लागतें. पुढच्या ऑगस्टांत सरकारनें मुजाहिदांचीं शस्त्रें काढून घेण्याचें ठरविलें. तब्रीझहून आलेल्या वीरांनीं तीं देण्याचें नाकारलें. तेव्हां ते उतरले होते त्या अताबक बागेवर पोलीस व बख्तियारी यांनीं हल्ला केला, आणि सत्तार खानाच्याच पायांत गोळी बसली. बंडखोरानेंच बंडखोरांचीं हत्यारें काढावीं, हा देखावा सुखाचा नाहीं. पण हत्यारबंद टोळ्या राजधानींत तशाच राहूं दिल्या असत्या तर कोणतें राज्य चाललें असतें?

१९११ सालीं पदच्युत शहा परत आला. त्याचा सरदार अर्शदुद्दौला याचा येप्रेमनें सप्टेंबरांत वरामीनकडे पाडाव केला, आणि त्याला गोळ्या घातल्या. शहाचें संकट टळलें, रशियाचें टळेना. खजिन्याची व्यवस्था पाहणारा अमेरिकन शुस्टर याला काढून टाका, अशी निर्वाणीची मागणी रशियानें केली. १ डिसेंबरला मजलिसीनें ती फेटाळली. रशियन फौजा उत्तर इराणांत घुसल्या होत्या. मंत्रिमंडळ नमलें, मजलिस नमेना. आणि २४ डिसेंबरला येप्रेमच्या पोलिसांनीं व बख्तियारींनीं प्रतिनिधींना बाहेर काढलें.

सभागृह गेलें तरी चालेल, तेहरान वांचावें, असा हिशेब त्यामागें असावा. तो अगदींच चुकीचा म्हणवत नाहीं, कारण राजधानीवर चालून येणारें सैन्य खरेंच दारांत होतें. परंतु ज्या मजलिसीसाठीं माणसें मेलीं ती रित्या हातीं रशियाला नाहीं म्हणाली होती, आणि तिला गप्प बसविण्याचें काम तिच्याच शिपायानें पत्करलें. त्याच्या आयुष्यांतील सर्वांत जड ओझें हेंच.

तें त्यानें फार दिवस वाहिलें नाहीं. शहाचा भाऊ सालारुद्दौला याच्या बंडखोरांशीं लढतांना, मे १९१२ मध्यें, हमदानजवळ एका गढीपुढें त्याला गोळी लागली. पथकाची सूत्रें त्याचा सोबती केरी यानें हातीं घेतलीं. येप्रेमचें शव तेहरानला आणून पुरण्यांत आलें. मजलिस मात्र पुन्हा भरली ती १९१४ च्या डिसेंबरांत.