पुष्टकाळ, कृशकाळ आणि भुकटी : कृष्णाकाठच्या दूधव्यवसायासंबंधी काही विचार

माधवनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नांद्रे मागे पडले की भिलवडी स्थानक लागते. त्या गावी १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दूधव्यवसाय आरंभिला. पुढे १९५० साली त्यांच्या पुत्रांनी पुण्यात मिठाईचे दुकान काढले. दुधाचा धंदा करणारा मिठाईकडे वळतो, यात नवल नाही. दूध एका दिवसात नासते, खवा काही दिवस टिकतो. पुरवठा व मागणी यांचा मेळ घालण्याचा आपल्याकडील जुना उपाय हाच, की दूध थांबवावयाचे नाही, त्याचे रूप पालटावयाचे.

हा मेळ मुळातच अवघड आहे. म्हशी बहुधा पावसाळ्यात व त्यानंतर वितात. त्यामुळे हिवाळ्यात दूध वाढते आणि उन्हाळ्यात आटते, तर ताक, लस्सी व आइस्क्रीम यांची मागणी नेमकी उन्हाळ्यात असते. दूधव्यवसायाच्या मराठीत या दोन ऋतूंना ‘पुष्टकाळ’ व ‘कृशकाळ’ म्हणतात. शरीराची विशेषणे काळाला लावणारी ही परिभाषा प्रस्तुत लेखकास समर्पक वाटते. जनावर मात्र पुष्टकाळी पुष्ट असतेच असे नाही.

खेडा जिल्ह्यातील हिवाळ्याचे वाढीव दूध मुंबई सामावून घेईना, तेव्हा आणंद येथे भुकटीचा कारखाना उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकते, हे तेथे ह. म. दलाया यांनी सिद्ध करून दाखविले. पुढे १९७० पासूनच्या योजनेस मराठीत ‘दूधमहापूर’ असे नाव पडले. कृष्णाकाठच्या माणसाला हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार अनुवादकाने केला नसावा.

कारण ऑगस्ट २०१९ मध्ये खराच महापूर आला. गोठ्यात दूध होते आणि पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक होते. मधला रस्ता तेवढा पाण्याखाली होता. संकलनच थांबल्यावर भुकटीचे यंत्र काय करणार? मार्च २०२० मध्ये याच्या उलट घडले. रस्ता मोकळा, परंतु टाळेबंदीमुळे हॉटेले व मिठाईची दुकाने बंद. तेव्हा राज्य शासनाने दररोज १० लक्ष लिटर दूध प्रतिलिटर २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरविले. येथे जुना उपाय उपयोगी पडला.

परंतु त्याच्या मर्यादा त्यापूर्वीच, २०१८ साली दिसून आल्या होत्या. शंभर लिटर गाईच्या दुधापासून सुमारे साडेआठ किलो भुकटी निघते आणि तिचा भाव जागतिक बाजाराशी बांधलेला असतो. तो भाव कोसळला, कोठारे भरून राहिली आणि दुधाचा खरेदीदर प्रतिलिटर २० रुपयांच्या खाली गेला. त्या वर्षी १६ जुलैपासून चार दिवस दूध रोखले गेले. अखेर शासनाने अनुदानासह २५ रुपयांचा दर मान्य केला. म्हणजे जो साठा पुष्टकाळाचा भार वाहण्यासाठी निर्माण झाला, त्याचाच भार उत्पादकावर आला. २०२० च्या जुलैत दरासाठी पुन्हा आंदोलन झाले, हेही विसरता येत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास बहुधा कारखान्याच्या आकड्यांवरून केला जातो. माधवनगरच्या आसपासच्या दूधसंस्थांची दरपत्रके व संकलनाच्या वह्या यांत या तीन वर्षांची नोंद उत्पादकाच्या बाजूने सापडण्याचा संभव आहे. एखाद्या विद्यार्थ्याने त्या ताडून पाहाव्यात; महापुरात भिजून गेलेल्या वह्यांची नोंद स्वतंत्र घ्यावी.