वात, स्व आणि संकेत : एका दुखण्याच्या नावांचा इतिहास

साकीनाक्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी घटकाभर उभे राहिले, की 'वाताची गोळी द्या' ही मागणी हमखास कानी पडते. मागणारी बहुधा बाई असते. दिवसभर कारखान्यात पॅकिंग करून किंवा चार घरची भांडी उरकून परतणारी. तिच्या 'वात' या एका शब्दात वयोमानाने झिजलेला गुडघा येतो, यूरिक आम्लाने सुजलेला पायाचा अंगठा येतो, आणि सकाळी उठल्यावर तास-तासभर न वळणारी हाताची मूठही येते. यांतले तिसरे दुखणे अगदी निराळे आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तराविरुद्ध जाते. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते दोन-तीन पटींनी अधिक आढळते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत योग्य उपचार मिळाले नाहीत तर सांध्यांची हानी कायमची होऊ शकते. नावात काय आहे, असे म्हणून येथे सुटका नाही. या रोगाचा इतिहास वाचताना आमच्या लक्षात आले ते हेच, की प्रत्येक काळाने त्याला आपल्या हाती असलेल्या शब्दाच्या मापानेच पाहिले.

आपल्याकडे 'आमवात' हा स्वतंत्र विकार म्हणून माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात येतो. तो साधारणतः सातव्या-आठव्या शतकातला. नीट न पचलेला 'आम' वाताबरोबर देहभर फिरतो आणि सांध्यांत ठाण मांडतो, अशी त्याची उपपत्ती. वेदनेला दिलेली उपमा विंचवाच्या दंशाची आहे. ज्याने हे दुखणे पाहिले आहे त्याला ती अतिशयोक्त वाटणार नाही. आमवात म्हणजेच आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. पण दुखणे सांध्यात दिसले तरी त्याचे मूळ सबंध देहाच्या व्यवहारात आहे, ही त्यातली दृष्टी मोलाची होती. आपल्या बोलीने पुढे त्यातला 'आम' गाळला, 'वात' तेवढा ठेवला, आणि भेद पुसला गेला.

युरोपातही नावानेच वाट अडवली होती. १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने सालपेत्रिएर रुग्णालयातल्या नऊ स्त्रियांच्या दुखण्याचे वर्णन केले. सांधे सुजणे म्हणजे गाऊट, आणि गाऊट म्हणजे सुखवस्तू पुरुषांचा रोग, अशी तेव्हाची समजूत. या तर गरीब बायका. तरीही निराळा शब्द हाती नसल्याने त्याने याला गाऊटचाच एक प्रकार ठरवले. रोगाला आजचे नाव मिळाले ते १८५९ साली, लंडनच्या आल्फ्रेड गॅरडकडून.

यानंतरची घटना साहित्याच्या वाचकाला विशेष उद्बोधक वाटावी. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असा शब्दप्रयोग केला. स्वतःलाच विषारी होण्याची भीती, असा त्याचा भावार्थ. देह स्वतःवर उलटू नये म्हणून त्यात काही नियामक योजना असली पाहिजे, असे एर्लिखचे म्हणणे होते. वाचणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ 'असे घडणे अशक्य' असा लावला. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारे प्रतिद्रव्य दाखवले, तरी ते अपवादाच्या कप्प्यात गेले. एका प्रभावी शब्दप्रयोगाच्या चुकीच्या वाचनाने पुढच्या पिढ्यांचे डोळे दीर्घकाळ झाकून ठेवले. १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांना या रुग्णांच्या रक्तात एक चमत्कारिक घटक आढळला. तो शरीराच्या स्वतःच्याच प्रतिद्रव्यांना चिकटणारे प्रतिद्रव्य असल्याचे पुढे उलगडले. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट याच दशकात प्रतिकारशास्त्रात 'स्व' आणि 'स्वेतर' ही परिभाषा आणत होते. तत्त्वज्ञानातला शब्द प्रयोगशाळेत आला, आणि मगच 'स्व'ची ओळख चुकणे ही कल्पना बोलण्याजोगी झाली.

आज वृत्तपत्रे या रोगाचे वर्णन 'सैन्याने आपल्याच नगरावर केलेला हल्ला' असे करतात. आम्हाला ही प्रतिमा अपुरी वाटते. तीत फितुरी आहे, शत्रू आहे, आणि तो शत्रू रुग्णाचाच देह आहे. आधीच खचलेल्या माणसाच्या माथी ती एक अपराधी भावना मारते. शिवाय गेल्या पाच दशकांचे संशोधन वेगळेच चित्र दाखवते. पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची प्रथिने. त्यांतल्या काहींना १९७९ मध्ये 'इंटरल्युकिन' हे नाव मिळाले; 'पांढऱ्या पेशींमधले' एवढाच त्याचा अर्थ. टी-पेशी जागी होण्यास एक संकेत पुरत नाही, दुसराही लागतो. साकीनाक्याच्या चौकात दिवा हिरवा झाला तरी हवालदाराचा हात उठेपर्यंत गाड्या थांबतात, तसेच हे. रोगात हा व्यवहार बिघडतो. थांबा म्हणणारा निरोप क्षीण होतो, पुढे चला म्हणणारा अखंड चालू राहतो, आणि अखेरीस हाड पोखरणाऱ्या पेशींपर्यंत तो पोहोचतो.

उपचारांचा इतिहासही याच दिशेने गेला. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका २९ वर्षांच्या स्त्रीला प्रथम कॉर्टिझोन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले, पण दीर्घकाळ दिल्यास औषधाचे दुष्परिणामही दारुण ठरले. शहरातले सारे दिवे एकदम मालवावेत, तसा तो उपाय होता. नेमका एक निरोप अडवण्याचे श्रेय लंडनच्या मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेल्या रविंदर मैनी यांचे. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ हा रेणू रोखून रुग्णांना दिलासा दिला. या रेणूचे नाव 'अर्बुदाचा नाश करणारा' असे आहे, कारण १९७५ मध्ये तो त्या गुणासाठी ओळखला गेला होता. सांध्यातले त्याचे काम नावात कोठेच दिसत नाही. नाव पुन्हा एकदा मागे राहिले.

या इतिहासात महाराष्ट्राचेही पान आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत मोहन वाणी आणि सहकाऱ्यांनी इंटरल्युकिन-३ या निरोपाचा अभ्यास केला. टी-पेशीच सोडत असलेला हा रेणू हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होऊ देत नाही, असे त्यांनी २००३ मध्ये मांडले. पुढे संधिदाह झालेल्या उंदरांत तो आवर घालणाऱ्या टी-पेशींना बळ देतो, असेही दिसले. ज्या पेशीला आपण हल्लेखोर म्हणतो तिच्याच जवळ संयमाचा निरोपही असतो. सैन्याच्या प्रतिमेत हे कसे बसवणार? दुसरीकडे, १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने इंदापूर तालुक्यातल्या भिगवणात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. सुमारे १८ टक्क्यांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस मात्र हजारात पाचांच्या आसपास. 'वात' म्हणणाऱ्या गर्दीत या पाचांना ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न त्या आकड्यांतून उभा राहतो.

तो प्रश्न प्रयोगशाळा एकटी सोडवू शकत नाही. दुकानातली गोळी घेऊन दुखणे दबते. तीत स्टेरॉइड असेल तर फारच झटपट दबते, आणि आत हाड झिजत राहते. दुखणाऱ्या बाईला तिच्या दुखण्याचा भेद सांगता आला पाहिजे : बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजतात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो, सहा आठवडे उलटले तरी ओसरत नाही. हे सांगायला अवघड परिभाषा लागत नाही, साधे मराठी पुरते. मात्र ते पाठ्यपुस्तकात, वर्गात, नियतकालिकांत कोणीतरी लिहावे लागते. भाषा शिकवणाऱ्या आपल्या मंडळींनी शब्दांच्या छटांवर आयुष्य वेचले आहे. 'वात' या शब्दाच्या पोटात दडलेल्या छटा वेगळ्या करणे हेही आपलेच काम आहे, असे आम्हाला वाटते. त्यावर कोणाची तरी बोटे अवलंबून आहेत.