पीस लिली : पाने तपकिरी पडणे व निगा

पीस लिली ही ॲरेसी, म्हणजे अळू व सुरणाच्या कुलातील सदाहरित ओषधी असून खऱ्या लिलीशी तिचे नाते नाही. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ शॉट यांनी १८३२ मध्ये स्पॅथिफायलम ही प्रजाती मांडली. घरांत दिसणारी झाडे बहुधा संकरित असतात. प्रसिद्ध जाती स्पॅथिफायलम वॉलिसाय मूळची कोलंबिया व आसपासच्या प्रदेशातील असून तिला जर्मन वनस्पतिसंग्राहक गुस्टाफ वॉलिस यांचे नाव दिले आहे. पांढरी ‘पाकळी’ म्हणून ओळखला जातो तो महाछद. खरी फुले अगदी बारीक असून मधल्या स्थूलकणिशावर दाटीने येतात. महाछद काही आठवड्यांनी हिरवा होतो, तो रोग नव्हे.

मुळात हे दमट अरण्याच्या तळाशी, दाट सावलीत व ओढ्याकाठी वाढणारे झाड. बंद खोलीत त्याची पाने तपकिरी पडू लागली की बहुतेक जण पाणी वाढवतात किंवा खत घालतात. दोन्हींनी सहसा नुकसानच होते. आधी तपकिरी रंग पानावर नेमका कुठे आहे ते पाहावे.

फक्त टोके व कडा वाळत असतील, तर संशय पाण्याच्या प्रतीवर घ्यावा. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसू लागतो. पाणी पानांतून उडून जाते आणि क्षार टोकाशी उरतात, म्हणून टोक आधी जळते. जास्तीचे खत आणि न धुतलेले कोकोपीट यांनीही हेच होते. पाण्यातील फ्लुओराइडही टोके जाळू शकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात ते प्रमाणाबाहेर आहे. रात्रभर भरून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, पण क्षार व फ्लुओराइड उडत नाहीत. उकळल्यास फ्लुओराइड उलट दाट होते. उपाय म्हणजे पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी. शिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट पाणी सावकाश ओतून तळातून निथळू द्यावे. बशीत साचलेले पाणी लगेच फेकावे.

कोरडी हवा हे दुसरे कारण. पुणे-नागपूरकडच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या झोतात पानांच्या कडा कुरकुरीत होतात. मुंबई-कोकणात हा त्रास कमी. पानांवर पाणी फवारल्याने दमटपणा काही मिनिटेच टिकतो. झाडे जवळजवळ ठेवणे आणि कुंडी झोतातून हलवणे जास्त उपयोगी.

पानाच्या मधोमध फिकट, कागदासारखे डाग पडले तर पश्चिमेचे थेट ऊन लागले आहे. देठाकडून पान पिवळे, मऊ होत काळपट पडते आणि माती ओली असूनही झाड माना टाकते, तेव्हा मुळे कुजत असतात. तहानलेले झाडही अगदी असेच लोळते, मात्र पाणी दिल्यावर काही तासांत उभे राहते. या फसव्या साम्यामुळेच कित्येक झाडे अतिपाण्याने मरतात. म्हणून बोट मातीत खुपसून बघावे, वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच पाणी द्यावे. कुजलेले झाड कुंडीबाहेर काढून तपकिरी, बुळबुळीत मुळे छाटावीत आणि निचऱ्याच्या ताज्या मिश्रणात लावावे. बुंध्याचे एखाद-दुसरे जुने पान वाळणे नैसर्गिक आहे.

तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. टोक कात्रीने छाटताना तपकिरी कडेची बारीक रेघ ठेवावी, म्हणजे जिवंत भागाला नवी जखम होत नाही. सुधारणा नव्या पानांवरच मोजावी.

हे सावलीतले झाड असले तरी अंधाऱ्या कोपऱ्यात फुलत नाही; पूर्वेची खिडकी उत्तम. विक्रीपूर्वी अनेकदा जिबरेलिक आम्ल फवारून फुले आणलेली असतात, त्यामुळे घरी पुढचा बहर लांबला म्हणून झाड आजारी समजू नये.

अळूप्रमाणे याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून कुंडी लहान मुले व मांजरांपासून दूर ठेवावी. मात्र खऱ्या लिलीने मांजरांची मूत्रपिंडे निकामी होतात तसे याने होत नाही.